चार दिवसांत अंगकोर: मुंबईकरांनी परदेशातील मंदिरावशेषांची छोटी सहल कशी आखावी

ठाण्यात राहणाऱ्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि पासष्टीच्या आई असे चौघे जण आहेत. २६ जानेवारीच्या आसपास शनिवार-रविवारला पुढेमागे एकेक रजा जोडून फार तर चार दिवस मिळतील. परदेशातील प्राचीन मंदिरांचे अवशेष पाहण्याची इच्छा आहे. मनात कंबोडियातील अंगकोर आहे, पण इतक्या थोड्या दिवसांत ते जमेल, की जवळचे दुसरे ठिकाण निवडावे, हे ठरत नाही.

माझे उत्तर असे की, पूर्ण चार दिवस मिळत असतील आणि ते सगळे केवळ अंगकोरसाठी द्यायची तयारी असेल, तर अवश्य अंगकोरला जावे. त्यातला एक जरी दिवस गळाला, तर अंगकोर पुढच्या खेपेसाठी राखून श्रीलंकेतील पोलोन्नारुवा या जुन्या राजधानीला जावे. बँकॉकची खरेदी आणि अंगकोरची मंदिरे यांची चार दिवसांत सांगड घालण्याचा बेत मात्र करू नये. अभ्याससहली आखण्याच्या कामात हा बेत मला लोक वारंवार विचारतात, आणि त्यात बळी नेहमी मंदिरांचाच जातो.

अंतर हा निवडीचा निकष वाटतो तितका उपयोगाचा नाही. मुंबई ते कोलंबो विमान सुमारे अडीच तासांचे, म्हणून श्रीलंका जवळची वाटते. पण कोलंबोच्या कटुनायके विमानतळापासून पोलोन्नारुवाचा रस्ता साडेचार ते पाच तासांचा आहे. घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा हिशेब केला, तर तो जवळपास बारा तासांवर जातो. अंगकोरसाठी बहुधा बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूर येथे विमान बदलावे लागते, आणि तोच हिशेब चौदा-पंधरा तासांचा होतो. म्हणजे फरक दोन-तीन तासांचाच आहे. खरा फरक त्या स्थळाला किती वेळ द्यावा लागतो यात आहे. पोलोन्नारुवाचे मुख्य अवशेष एका आखीव परिसरात आहेत आणि एका भरल्या दिवसात ते समाधानाने पाहता येतात. अंगकोरचा संरक्षित परिसर सुमारे ४०० चौरस किलोमीटरचा आहे, आणि तेथे दोन सकाळी व दोन संध्याकाळी यांहून कमी वेळ घेऊन गेलेला माणूस मंदिरे पाहून येत नाही, त्यांच्यासमोरून जाऊन येतो.

म्हणूनच सहल आखताना दिवस मोजण्याऐवजी सकाळ आणि संध्याकाळ मोजण्याची सवय मी सर्वांना लावतो. उष्ण कटिबंधात दगडाचे काम पाहण्याचा वेळ सकाळी सहा ते दहा आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच एवढाच असतो. मधल्या वेळेत ऊन डोक्यावर येते, कोरीव कामावरच्या सावल्या नाहीशा होतात आणि शिल्प सपाट दिसू लागते. लहान मुले आणि वडीलधारी माणसे याच वेळेत थकतात. हा मधला वेळ मुक्कामी परतून जेवणाला आणि झोपेला द्यावा. दर सकाळी एक आणि दर संध्याकाळी एक अशी बैठक धरली, तर शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ या काळात तुमच्या हाती पाच बैठका येतात. या पाचांत काय बसवायचे, एवढाच खरा प्रश्न आहे.

आता प्रवासाचे बोलू. गुरुवारी रात्री उशिरा मुंबईहून निघणारे बँकॉकचे विमान सव्वाचार-साडेचार तासांत पोहोचते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, त्यामुळे उतरता तेव्हा उजाडलेले असते. पुढचे, अंगकोरजवळच्या सिएम रीप शहराचे विमान तासाभराचे आहे. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग असे दोन विमानतळ आहेत, आणि ते शहराच्या दोन टोकांना आहेत. स्वस्त तिकिटाच्या मोहात पहिले विमान एका विमानतळावर आणि दुसरे दुसऱ्यावर असे झाले, तर बँकॉकच्या वाहतुकीत अर्धा दिवस जातो. दोन्ही टप्प्यांचे तिकीट शक्यतो एकाच आरक्षणात घ्यावे. तसे केल्याने सामान थेट सिएम रीपला जाते आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते. तिकिटे वेगवेगळी काढावी लागलीच, तर मध्ये निदान चार तास ठेवावेत. अशा वेळी थायलंडमध्ये रीतसर प्रवेश करून सामान पुन्हा द्यावे लागते. थायलंडने १ मे २०२५ पासून प्रवेशासाठी ऑनलाइन आगमनपत्र सक्तीचे केले आहे, तेही मग भरावे लागेल.

सिएम रीपचा जुना विमानतळ मंदिरांच्या अगदी जवळ होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला, आणि तो शहरापासून चाळीसहून अधिक किलोमीटर दूर आहे. जुन्या प्रवासवर्णनांच्या भरवशावर राहिल्यास येथे तासाभराची चूक होते. हॉटेलकडूनच गाडी मागवून ठेवावी. चौघांत आई आणि मुलगी असल्यामुळे पहिल्या दिवशी टुकटुक नको, बंद मोटार घ्यावी.

बँकॉकहून रस्त्याने पोईपेतच्या नाक्यावरून अंगकोरला जाण्याची पद्धत पूर्वी प्रचलित होती. २०२५ मध्ये थायलंड आणि कंबोडिया यांच्यात सीमेवर लष्करी संघर्ष झाला आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. रस्त्याचा विचार तुम्ही मनातून काढून टाकावा. त्याच सीमेवरील डांग्रेक डोंगरकड्यावर असलेले प्रेआ विहेर हे अप्रतिम शिवमंदिरही या बेतात धरू नये. तिकिटे काढण्यापूर्वी भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाची त्या भागासंबंधीची ताजी सूचना वाचावी. सिएम रीप सीमेपासून बरेच आत आहे, तरी वडीलधाऱ्या माणसाला घेऊन निघताना ही खातरजमा आवश्यकच आहे.

कागदपत्रांत दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने शिल्लक असावी. कंबोडियाचा ई-व्हिसा त्यांच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे त्याच कामाचे जास्त पैसे घेतात, आणि शोधयंत्रात बहुतेकदा तीच वर दिसतात. अर्जातील नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे लग्नानंतरचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांची जी सरमिसळ होते, तिच्यामुळे विमानतळावर अडून बसावे लागते.

रोख रकमेसाठी अमेरिकन डॉलर न्यावेत. तेथे दैनंदिन व्यवहारात डॉलर चालतो. कंबोडियन रियालचा भाव डॉलरला चार हजारांच्या आसपास असल्यामुळे सुटे पैसे रियालमध्ये परत मिळतात. नोटा कोऱ्या आणि कमी रकमेच्या घ्याव्यात. किंचित फाटलेली किंवा शाई लागलेली नोट तेथे कोणी स्वीकारत नाही. मुंबईत पैसे बदलून घेताना काउंटरवरच प्रत्येक नोट पाहून घ्यावी.

प्रवेशपत्राचा हिशेब सोपा आहे. २०१७ पासून अंगकोरच्या एक दिवसाच्या प्रवेशपत्राला ३७ डॉलर, तीन दिवसांच्या प्रवेशपत्राला ६२ डॉलर आणि सात दिवसांच्या प्रवेशपत्राला ७२ डॉलर असा दर आहे. दोन स्वतंत्र दिवसांचे ७४ होतात, म्हणजे दोनच दिवस पाहायचे असले तरी तीन दिवसांचे प्रवेशपत्र स्वस्त पडते. ते सलग दिवशीच वापरले पाहिजे असेही नाही, दहा दिवसांच्या मुदतीत कोणतेही तीन दिवस चालतात. बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे, पण वय दाखवण्यासाठी पासपोर्ट जवळ असावा लागतो. तुमच्या मुलीचा पासपोर्ट रोज सोबत ठेवा. प्रवेशपत्र अंगकोर एंटरप्राइज या अधिकृत संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा सिएम रीपमधील त्यांच्या केंद्रावर मिळते. त्यावर प्रत्येकाचे छायाचित्र असते, त्यामुळे ते दुसऱ्याकडून घेण्याचा प्रश्नच येत नाही.

पाच बैठकांत मी अंगकोर वाटला दोन देईन, हे आधीच सांगतो. या एका मंदिराला दोनदा का जायचे, असे पुष्कळ जण विचारतात. सूर्यवर्मन दुसरा या राजाने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले हे विष्णुमंदिर पश्चिमाभिमुख आहे. त्याच्या बाह्य ओवरीच्या चारही बाजूंच्या भिंतींवर लांबच लांब शिल्पपट आहेत. पश्चिमेचे पट मावळतीच्या तिरप्या उजेडात खुलतात आणि पूर्वेचे उगवतीच्या उजेडात. एकाच फेरीत दोन्ही पाहिले, की एक बाजू अंधारात जाते.

शुक्रवारी दुपारी विश्रांती घेऊन साडेतीनच्या सुमारास पश्चिमेच्या मुख्य पुलावरून आत जावे. पश्चिम ओवरीच्या दक्षिण अर्ध्या भागात कुरुक्षेत्राचे युद्ध आहे. डावीकडून कौरव आणि उजवीकडून पांडव अशा दोन सेना मध्यभागी भिडतात, आणि डाव्या बाजूला वर शरपंजरी पडलेले भीष्म दिसतात. उत्तर अर्ध्या भागात लंकेचे युद्ध आहे. वीस हातांचा रावण रथात आहे, तर राम हनुमानाच्या खांद्यावर उभा राहून बाण सोडतो आहे. तुमच्या आईंना येथे वाटाड्याची गरज भासणार नाही, उलट नातीला त्याच सांगू लागतील. सहलीतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वेळ हाच असतो, म्हणून त्या संध्याकाळी दुसरे काहीही ठेवू नये.

शनिवारी पहाटे पश्चिमेच्या तळ्याकाठी सूर्योदय पाहण्यासाठी शेकडो लोक जमतात. मी तुम्हाला तेथे जाण्याचा आग्रह करणार नाही. मधल्या शिखराच्या बरोबर माथ्यावर सूर्य येतो तो मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास. जानेवारीत तो उजवीकडे, म्हणजे दक्षिणेला सरकलेला असतो. त्या दृश्यासाठी आईंना पहाटे चारला उठवून गर्दीत उभे करण्यापेक्षा साडेसहाच्या सुमारास पूर्वेच्या दाराने आत जावे. हा रस्ता झाडीतून जातो आणि तेथे वर्दळ कमी असते. पूर्व ओवरीच्या दक्षिण अर्ध्या भागात समुद्रमंथनाचा सुमारे ४९ मीटर लांबीचा पट आहे. त्यात एका बाजूला ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूला ८८ देव वासुकीला धरून ओढताहेत. मध्ये मंदार पर्वत, त्याखाली कूर्म आणि पुढ्यात चतुर्भुज विष्णू आहे. वर घुसळणीतून उसळलेल्या अप्सरा आहेत. मुलीला देव आणि असुर यांची शिरोभूषणे कशी वेगळी आहेत ते शोधायला सांगावे, म्हणजे ती एवढा लांब पट शेवटपर्यंत पाहील. तेथून वळून दक्षिण ओवरीत यावे. तेथे रेड्यावर बसलेला यम आणि त्याच्या पुढे स्वर्ग व नरकांचे पट आहेत. ३७ स्वर्ग आणि ३२ नरक कोरलेले आहेत, आणि नरकांखाली कोणत्या पापाला कोणती शिक्षा हे लेखांतून सांगितले आहे. चित्रगुप्तही तेथे आहे.

मंदिराच्या सर्वांत वरच्या मजल्याला बाकान म्हणतात. तेथे जाणारा जिना अतिशय खडा आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे नसतील तर वर सोडत नाहीत, बौद्धांच्या उपोसथ या व्रताच्या दिवशी तो मजला बंद असतो आणि बारा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेश नाही. त्यामुळे तुमच्यापैकी मुलगी खालीच राहील, आणि आईंनीही तो जिना चढू नये असे मला वाटते. नवरा-बायकोंनी आळीपाळीने जाऊन यावे.

शनिवारच्या संध्याकाळी बायोन. सातवा जयवर्मन या राजाचे हे महायान बौद्ध मंदिर बाराव्या शतकाच्या अखेरीचे आणि तेराव्याच्या प्रारंभीचे आहे. त्याच्या शिखरांवरचे विशाल चेहरे सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेले असतात, पण लोक बाहेरच्या ओवरीकडे पाठ फिरवून थेट वर चढतात, याचे मला फार वाईट वाटते. अंगकोर वाटच्या भिंतींवर देव आणि राजे आहेत. बायोनच्या बाहेरच्या भिंतीवर बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक, होड्या, मासे आणि आजच्या व्हिएतनाममधील चाम लोकांशी झालेली जलयुद्धे आहेत. बाराव्या शतकातील सामान्य ख्मेर, म्हणजे कंबोडियातला, माणूस कसा जगत होता, हे जाणून घ्यायला याइतके बोलके साधन दुसरे नाही.

रविवारची सकाळ बांतेय स्रेयसाठी राखावी. सिएम रीपहून तेथे जायला सुमारे तासभर लागतो, मंदिर साडेसातला उघडते, आणि उघडताच आत शिरले तर पहिला अर्धा-पाऊण तास शांतता मिळते. इ.स. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले हे शिवमंदिर राजाने नव्हे, तर यज्ञवराह नावाच्या विद्वान ब्राह्मण अधिकाऱ्याने उभारले. ते आकाराने लहान आहे. त्याचा दगड गुलाबी छटेचा आणि कोरीव काम इतके खोल आहे की दुर्बीण जवळ असल्यास उपयोग होतो. कैलास हलवणारा रावण, खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्र, कंसवध, वाली आणि सुग्रीवाचे द्वंद्व हे सारे दारांवरच्या त्रिकोणी शिल्पपटांत आहे. भीम आणि दुर्योधनाचे गदायुद्ध दाखवणारा येथील पट आता नॉम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. येथे चढउतार जवळजवळ नाही, त्यामुळे आईंना हे मंदिर सर्वांत सोयीचे पडेल. सहलीत एकच मंदिर पाहायची मुभा दिली, तरी मी बांतेय स्रेय निवडेन.

रविवारच्या शेवटच्या बैठकीसाठी ता प्रोम. ११८६ मध्ये सातव्या जयवर्मनने आईच्या स्मरणार्थ बांधलेल्या या मठाच्या भिंतींवरून झाडांची मुळे उतरलेली आहेत. त्यांच्या संवर्धनाचे अवघड काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने अनेक वर्षे केले आहे. झाड तोडले तर भिंत कोसळते आणि झाड वाढू दिले तरी भिंत कोसळते, अशा पेचातून काढलेले उपाय जागोजागी दिसतात. लोखंडी आधार, पुन्हा जोडलेले स्तंभ आणि लाकडी पायवाटा यांकडे मुद्दाम लक्ष द्यावे. साडेपाचला मंदिर बंद होते, म्हणून साडेतीनलाच पोहोचावे.

या आखणीत प्रेआ खान, प्रे रूप, रोलुओसची नवव्या शतकातील मंदिरे आणि कुलेनचा डोंगर वगळला आहे. हे सारे सुंदर आहे आणि वगळताना मलाही जड जाते. पण सहाव्या आणि सातव्या मंदिराला मुले आणि वडीलधारी माणसे फक्त सावली शोधत फिरतात.

परवानाधारक वाटाड्या शनिवारी पूर्ण दिवस घ्यावा आणि रविवारी घेऊ नये. पहिल्या दिवशी ऐकलेले दुसऱ्या दिवशी स्वतः ओळखता येते, आणि मुलीला त्यात खरी गोडी लागते. सोमवारी दुपारचे विमान घेऊन त्याच रात्री मुंबईत उतरावे. मंगळवारी पहाटे उतरून थेट कार्यालय गाठण्याचा बेत आईंच्या आणि मुलीच्या दृष्टीने योग्य नाही.

हंगामाचा विचार निवडीइतकाच महत्त्वाचा आहे, आणि येथे मुंबईच्या सुट्यांचे गणित वेगळे लागते. कंबोडियात नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडे आणि त्यातल्या त्यात थंड असते, त्यामुळे नाताळ किंवा २६ जानेवारीला अंगकोर उत्तम. गर्दी असते, पण ती ठरावीक वेळी ठरावीक जागी असते. १४ एप्रिलला जोडून येणारी सुटी मात्र टाळावी. त्या सुमारास ख्मेर नववर्ष असते, स्थानिक लोक मोठ्या संख्येने मंदिरांत येतात आणि उकाडा वर्षातील सर्वांत तीव्र असतो. श्रीलंकेतही त्याच दिवसांत सिंहली आणि तमिळ नववर्ष असल्याने दुकाने आणि उपाहारगृहे बंद मिळतात.

याउलट १५ ऑगस्टच्या सुटीत मुंबईत धो-धो पाऊस असतो, तेव्हा पोलोन्नारुवा कोरडे असते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस श्रीलंकेच्या पश्चिम आणि दक्षिण भागात पडतो. डोंगरांपलीकडच्या कोरड्या पट्ट्याला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांकडून, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंत मिळतो. म्हणून जानेवारीतील सुटीला पोलोन्नारुवा दुसऱ्या क्रमांकाचे आणि पावसाळ्यातील सुटीला पहिल्या क्रमांकाचे ठिकाण ठरते.

रजा नाकारली गेली आणि तीनच दिवस उरले, तर पोलोन्नारुवाची आखणी अशी करावी. श्रीलंकेचे घड्याळ आपल्याबरोबर चालते, विमान थेट आहे आणि विमान चुकण्याची धास्ती नाही. कोलंबो शहरात न शिरता विमानतळावरूनच गाडीने कुरुनेगल, डंबुल्लामार्गे हबरानाला जाऊन मुक्काम करावा. रविवारी उजाडताच अवशेषांत पोहोचावे. चोळांनी ९९३ मध्ये अनुराधपूर जिंकल्यावर आपले ठाणे पोलोन्नारुवाला नेले, आणि पहिल्या विजयबाहूने १०७० मध्ये त्यांना हुसकावले. या काळातील शिव देवालय क्रमांक २ हे अकराव्या शतकातील दगडी मंदिर आजही जवळजवळ अखंड उभे आहे. तंजावर पाहिलेल्या माणसाला ते पाहताक्षणी ओळखीचे वाटते. पुढे पहिला पराक्रमबाहू या राजाच्या काळातील गल विहार येते. एकाच कातळात कोरलेल्या बुद्धमूर्तींपैकी शयनमूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे, आणि उशीवर डोके टेकल्यामुळे पडलेला खोलगटपणासुद्धा दगडात दाखवला आहे. वटदागे हे गोल स्तूपगृह, लंकातिलक हे बुद्धमूर्तीचे मंदिर आणि निश्शंकमल्ल राजाच्या प्रशस्तीने भरलेला गल पोत हा प्रचंड शिलालेख वाटेवरच आहेत.

पवित्र वास्तूंत पादत्राणे काढावी लागतात आणि दहानंतर दगड तापतो, त्यामुळे जाड मोजे न्यावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे गंभीर अवमान मानले जाते, हे मुलीला आधीच सांगून ठेवावे. सार्क देशांच्या नागरिकांना अनेक पुरातत्त्वीय स्थळी सवलतीचा दर मिळतो, म्हणून तिकीटखिडकीवर पासपोर्ट दाखवावा. सिगिरिया जवळ आहे म्हणून ते जोडण्याचा मोह होईल, पण ती पाचव्या शतकातील कश्यप राजाची कातळावरची राजधानी आहे, मंदिर नव्हे, आणि पायऱ्या हजाराहून अधिक आहेत. त्यापेक्षा परतीच्या वाटेवर डंबुल्लाची चित्रित लेणी पाहावीत.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात. अयोध्येचे नाव धारण करणारे थायलंडमधील अयुथया बँकॉकपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे आणि पोहोचायला सर्वांत सोपे आहे. पण ते १३५० च्या सुमारास वसलेले आणि १७६७ मध्ये उद्ध्वस्त झालेले नगर आहे, त्यामुळे प्राचीन हिंदू मंदिरांची ओढ असलेल्याचे तेथे समाधान होत नाही. व्हिएतनाममधील मी सन हे चाम राजांचे शिवतीर्थ दा नांगपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे. १९६९ मध्ये अमेरिकन बाँबफेकीत त्याची मोठी हानी झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला २०२० मध्ये तेथे काम करताना नवव्या शतकातील अखंड शिवलिंग सापडले. पाच दिवस मिळाले तर त्याचा जरूर विचार करावा. जावातील प्रंबाननच्या मंदिरांसाठी मुंबईहून निदान सहा दिवस हवेत.

जाण्यापूर्वीची तयारी मुंबईतच होण्यासारखी आहे, आणि तिच्यात मी सवलत देत नाही. एका रविवारी लोकलने अंबरनाथला जावे. तेथील शिलाहारकालीन शिवमंदिरात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. अंगकोर वाटच्या बांधकामाआधी अर्धशतकाहून थोडा अधिक काळ एवढेच त्यांच्यातले अंतर आहे. मंडप, अंतराळ, गर्भगृह आणि बाह्य भिंतीवरच्या मूर्तींचे थर मुलीने तेथे ओळखले, तर कंबोडियात तिला काय सारखे आणि काय निराळे आहे ते स्वतः दिसेल. दुसऱ्या खेपेला घारापुरीला जावे. सोमवारी लेणी बंद असतात. तेथील मुख्य लेण्यात कैलास हलवणाऱ्या रावणाचा पट आहे, भग्न असला तरी रचना स्पष्ट कळते. वेरूळच्या कैलास लेण्यातील हाच प्रसंग पूर्वी पाहिला असेल तर फारच उत्तम. तोच रावण बांतेय स्रेयला दहाव्या शतकातील ख्मेर कारागिराने कसा कोरला, हे मग चौघांनाही एकमेकांना दाखवता येईल.

आईंसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगतो. रोजची औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. प्रवास विमा काढताना रक्तदाब, मधुमेह यांसारखे आधीचे आजार लपवू नयेत, नाहीतर नेमक्या वेळी दावा नाकारला जातो. शाकाहार असेल तर सिएम रीपमध्ये भारतीय जेवण मिळते, पण स्थानिक पदार्थांत माशाची चटणी किंवा सॉस न सांगता पडतो, म्हणून मागवतानाच विचारावे. बांतेय स्रेयच्या सकाळी मुक्कामी न्याहारी मिळण्याआधी निघायचे आहे, तेव्हा घरच्या दशम्या किंवा गुळपोळ्या उपयोगी पडतील.

कामांचा क्रम असा ठेवावा: आधी रजा मंजूर करून घ्यावी, मग एकाच आरक्षणातील विमानतिकिटे, त्यानंतर ई-व्हिसा, मग सिएम रीपमधील मुक्काम आणि गाडी. वाटाड्या आणि प्रवेशपत्र शेवटच्या पंधरवड्यात ठरवले तरी चालते. मुक्काम मंदिरांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शहराच्या उत्तर भागात घ्यावा. दुपारी विश्रांतीसाठी परत यायचे असल्यामुळे रोजची ये-जा दुप्पट होणार आहे, आणि गावाच्या दक्षिण टोकाला राहिल्यास तोच वेळ संध्याकाळच्या बैठकीतून वजा होतो.